९७ टक्के अचूक ॲप, मामांची बाग आणि आपल्याकडचं संशोधन

(नेहमीप्रमाणे भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' जमतील तेवढे काढले आहेत.)

बसमध्ये ऐकत असाल, भांडी घासताना ऐकत असाल, नाहीतर ऑफिसात काम करतोय असं दाखवत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आज मला एका चुकीबद्दल बोलायचंय. माझ्याच चुकीबद्दल. आणि त्या चुकीनंतर मला आपल्या जळगाव-धुळ्यात काय काय संशोधन होतं ते कसं दिसायला लागलं, त्याबद्दल.

मी इंजिनिअर आहे. बीटेक, आता पुण्यात नोकरी. आजोळ रावेर तालुक्यात, म्हणजे वेगळं सांगायला नको, केळी. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बागेत लपाछपी खेळायचो आणि कपड्यांना केळीचे डाग लावून आणायचो. ते डाग कशानंही निघत नाहीत. मामी अजून ऐकवते.

तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. आमचा चौघांचा ग्रुप. विषय घेतला, केळीच्या पानाचा फोटो काढा, ॲप रोग सांगेल. आमच्या वर्गात त्या वर्षी अर्धे लोक मशीन लर्निंगच करत होते. इंटरनेटवरून फोटो उतरवले, तीन खोके केले: निरोगी, करपा आणि अन्नद्रव्यांची कमतरता. करपा म्हणजे सिगाटोका, बुरशीचा रोग. मॉडेल ट्रेन केलं. टेस्टवर अचूकता आली ९७ टक्के. आम्ही त्या रात्री शेवभाजी खायला गेलो.

बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी विचारलं, लेअर किती, लर्निंग रेट किती, स्क्रीनचा रंग हिरवाच का. 'फार्मरसाठी केलंत, छान' म्हणाले. यातले किती फोटो जळगाव जिल्ह्यातले आहेत, हे कोणीच विचारलं नाही. उत्तर होतं, शून्य.

पुढे आणखी एक केलं. त्याच प्रोजेक्टचा पेपर लिहिला आणि एका जर्नलला पैसे भरून छापला. चार दिवसांत 'रिव्ह्यू' होऊन आला. ज्यांनी इंजिनिअरिंग केलंय ते आत्ता हसत असतील. तो पेपर अजून गुगल स्कॉलरवर आहे. कोणी कोणी त्याचा संदर्भही दिलाय. म्हणजे कागदोपत्री ते संशोधन आहे.

निकाल लागला, मी आजोळी गेले आणि हौसेनं ते ॲप मामांच्या फोनमध्ये टाकलं. मामांनी त्या वर्षी मृगबाग लावली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे केळीची लागवड मुख्यतः दोन वेळा होते. पावसाळ्याच्या सुरुवातीची ती मृगबाग आणि पावसाळा संपताना लावतात ती कांदेबाग. रोपं टिशू कल्चरची, सोसायटीचं कर्ज काढून आणलेली.

मी पुण्याला जॉइन झाले. इकडे पावसाळ्यात मामांना काही रोपांच्या पानांवर पिवळसर पट्टे दिसले. मामांनी फोन काढला, फोटो घेतला. ॲप म्हणालं, करपा. ९१ टक्के खात्री. मामांनी करप्याची फवारणी केली. आठ-दहा दिवसांनी परत केली. शेजारचे एक आजोबा बांधावरून म्हणाले, "हा करपा नाही, हरण्या वाटतो." मामांनी त्यांना फोन दाखवला. "भाची इंजिनिअर आहे आमची."

हे वाक्य मला मामींकडून कळलं. मामांनी स्वतः कधीच सांगितलं नाही.

हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. बुरशीनाशकाचा त्याच्यावर काडीचाही उपयोग होत नाही, कारण तो बुरशी नाहीच. मावा नावाची बारकी कीड तो या झाडावरून त्या झाडावर नेते. उपाय एकच, रोगट झाड दिसलं की लगेच मुळासकट उपटायचं, लांब नेऊन नष्ट करायचं, मावा आटोक्यात ठेवायचा, तण काढायचं. यात महत्त्वाचा शब्द 'लगेच'. आमच्या ॲपनं मामांचे तीन आठवडे खाल्ले. शेवटी जवळजवळ निम्मी बाग उपटावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, ॲपला तो रोग माहीतच नव्हता, मग त्याचा काय दोष? बरोबर. आमच्याकडे तीनच खोके होते आणि मॉडेलला त्यातलं एक निवडायला लावलं होतं. 'मला कळत नाही' असं म्हणायची सोयच नव्हती. फोनमध्ये मांजराचा फोटो दाखवला असता तरी त्यानं करपा, नाहीतर अन्नद्रव्यांची कमतरता सांगितली असती. पण ती सोय ठेवणं कोणाचं काम होतं? माझंच.

दिवाळीत गेले तेव्हा बागेतलं उरलेलं एक पान घेऊन मी एका कृषी शास्त्रज्ञांकडे गेले. मला वाटलं ते पान मायक्रोस्कोपखाली घालतील. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, शिरांकडे बघितलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. लागण कधीची? किती दिवसांनी दिसलं? बागेच्या कडेनं दिसलं की मधे? शेजारी काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची असं काही होतं का? बांधावर तण कसलं? मला यातलं अर्धं सांगता येईना, मामांना फोन लावून दिला. त्यांचं बोलणं दहा मिनिटं चाललं आणि त्या दहा मिनिटांत मी फक्त ऐकत होते. पान हा त्यांच्यासाठी एक पुरावा होता. आमच्यासाठी तेच सगळं होतं.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की ही अडचण जगजाहीर आहे. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा एक मोठा संच आहे. ५४,३०६ फोटो, १४ पिकं. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी त्याच्यावर मॉडेल ट्रेन केलं, अचूकता आली ९९.३५ टक्के. जगभरातल्या विद्यार्थ्यांनी तो आकडा डोक्यावर घेतला. पण त्याच पेपरात त्यांनी प्रामाणिकपणे पुढचंही लिहिलंय, की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास येते. हे वाक्य कोणी वाचत नाही. आम्हीही वाचलं नव्हतं. आणि त्या १४ पिकांची यादी बघा: सफरचंद, ब्लूबेरी, चेरी, द्राक्ष, बटाटा, टोमॅटो, मका, सोयाबीन वगैरे. केळी नाही. कापूस नाही. भुईमूग नाही. म्हणजे खानदेश जवळजवळ नाहीच.

याच सुमारास माझा एक बॅचमेट मास्टर्सला जर्मनीला गेला. 'युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस', हा शब्द तुम्ही ऐकला असेल, आजकाल प्रत्येक गल्लीतला एक जण तिकडे आहे. तिथं ही वेगळ्या प्रकारची विद्यापीठं असतात, जवळच्या उद्योगांशी जोडलेली, उपयोजित कामावर भर देणारी. तो मला त्यांच्याकडच्या प्रकल्पांच्या लिंक पाठवायचा. एकाच ठिकाणी पंपाची मोटर, वृद्धाश्रमातली नर्सिंग आणि पावाचं पीठ. मग त्यानं विचारलं, "आपल्याकडे जळगावात काय होतं गं रिसर्च?"

मी लिहिलं, "काही नाही."

पाठवलं आणि मग मला ते खटकलं. कारण ज्या माणसानं दहा मिनिटांत रोग ओळखला, तो जळगावातच बसला होता. मग मी शोधायला लागले. आता पुढचं सगळं त्या शोधाशोधीतलं आहे, आणि मी यातली तज्ज्ञ नाही, हे धरून ऐका.

सगळ्यात आधी सापडला एक शेंगदाणा. जेएल २४. यातलं 'जेएल' म्हणजे जळगाव. महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरीचं, त्यांचं जळगावात तेलबिया संशोधन केंद्र आहे. तिथं परदेशातून आलेल्या भुईमुगाच्या वाणांच्या संग्रहातून निवड करून हा वाण काढला. निवड म्हणजे ऐकायला सोपं वाटतं. लावायचं, बघायचं, चांगली झाडं वेगळी काढायची, पुढच्या हंगामात परत लावायची. एक हंगाम म्हणजे एक रन. आमच्याकडे मॉडेल रात्रभरात ट्रेन होतं, इथं एका रनला एक पावसाळा लागतो. १९७९ मध्ये तो 'फुले प्रगती' नावानं प्रसारित झाला. साधारण तीन महिन्यांत येणारा, त्यामुळे पाऊस लवकर संपला तरी हातात काहीतरी पडायचं.

मग पुढची गोष्ट. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, कोरडवाहू पिकांची. तिथून हा वाण आफ्रिकेत गेला. मलावीत तो 'काकोमा' नावानं प्रसारित झाला, झांबियात 'लुएना' नावानं. मी हे वाचत होते पुण्याच्या ऑफिसात, दुपारी, समोर जिराचं तिकीट उघडं ठेवून. ज्या संशोधन केंद्राच्या पाटीवरून मी शाळेच्या सहलीला जाताना शंभरदा गेले असेन, तिथला दाणा मलावीतली एखादी बाई भाजून खात असेल आणि तिला जळगाव हे नावही माहीत नसेल. आणि मला काकोमा माहीत नव्हतं. फिट्टंफाट.

हा वाण परिपूर्ण आहे असं नाही. टिक्का आणि तांबेरा त्याच्यावर पटकन येतात, इतके की रोगप्रतिकारक वाण तपासताना तुलनेला मुद्दाम जेएल २४ लावतात. म्हणजे शेजारी हा आजारी पडला, याचा अर्थ रोग खरंच शेतात आला होता, चाचणी खरी झाली. मला हे फार आवडलं. स्वतःची कमजोरी उघड माहीत असलेला वाण, आणि त्या कमजोरीचाही उपयोग. आफ्रिकेत भुईमुगाला रोझेट नावाचा विषाणूरोग होतो, त्यालाही हा बळी पडतो. तो रोग कोण पसरवतं? मावा. रावेरात केळीवर आणि तिकडे भुईमुगावर, विषाणू वेगळे, माव्याच्या जाती वेगळ्या, पण धंदा तोच.

भुईमुगावरून एक आगाऊ माहिती. माझ्या क्षेत्रातल्या लोकांसाठी खास. विप्रो कुठे सुरू झाली? बंगळुरू नाही. अमळनेर. १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून, वनस्पती तूप करणारी कंपनी. आपले अर्धे मित्र जिथं लागले तिचा जन्म खानदेशातल्या तेलबियांच्या पट्ट्यातला आहे. बरं, पुढे.

धुळे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीवर काम चालतं. तिथून 'फुले महाशक्ती' हा बाजरीचा संकरित वाण आला, २०१८ मध्ये. त्याची खासियत उत्पादन नाही, लोह आहे. नेहमीच्या बाजरीच्या वाणांत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतं, यात ८७. जस्तही जास्त, ४१. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका आणि मुली प्रत्येक घरात आहेत, माझ्याही घरात. कॉलेजला असताना मला स्वतःला गोळ्या चालू होत्या, त्या घेतल्या की पोट बिघडायचं, मग मी त्या गादीखाली लपवायचे. आई, तू ऐकत असशील तर सॉरी. पोटात गेलेलं सगळं लोह अंगी लागत नाही, हेही खरं. पण भाकरी कोणी गादीखाली लपवत नाही.

आता लोखंडाचाच धागा धरून विद्यापीठात येऊ. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे. २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. पहिले कुलगुरू एन. के. ठाकरे, ते गणिती होते. आमच्यासाठी हे विद्यापीठ म्हणजे परीक्षा, निकाल, रिव्हॅल्युएशन आणि मायग्रेशन सर्टिफिकेट. तिथं आत काय चालतं हे बघायला आम्ही कधी गेलोच नाही.

तिथल्या जीवशास्त्र विभागात प्राध्यापक सुधीर चिंचोलकर यांनी सिडरोफोरवर काम केलं. सोपं करून सांगते. जमिनीत लोह भरपूर असतं, आपल्या काळ्या जमिनीत तर असतंच, पण ते अशा रूपात असतं की झाडाला घेता येत नाही. पगार खात्यात आहे पण एटीएम बंद आहे, तसं. काही जिवाणू एक बारकासा रेणू बाहेर सोडतात, तो लोहाला पकडून आणतो. तोच सिडरोफोर. झाडाच्या मुळाशी असे जिवाणू असले तर झाडाला फायदा, आणि लोह यांनी ओढून घेतल्यामुळे रोगाच्या बुरशीची उपासमार. या विषयावर 'मायक्रोबिअल सिडरोफोर्स' हे पुस्तक २००७ मध्ये स्प्रिंगरनं काढलं, अजित वर्मा आणि चिंचोलकर या दोघांनी संपादित केलेलं. म्हणजे धुळ्यात दाण्यात लोह भरायचं काम आणि जळगावात मुळाशी लोह पोचवणाऱ्या जिवाणूंचं काम, दोन वेगळी विद्यापीठं, मधे जेमतेम दोन-अडीच तासांची एसटी. या दोन टोकांच्या लोकांनी एकत्र बसून चहा घेतला तर काय होईल, असं मला सारखं वाटतं.

त्याच विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, १९९४ पासूनची. पेंट, तेल, प्लास्टिक, अन्न, असले विषय. त्यातलं मला फार कळत नाही, म्हणून पुढे जाते.

आणि संशोधन म्हटलं की पांढरा कोट हेही डोक्यातून काढा. अमळनेरला प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था काढली. के. सी. भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ तिथं संचालक होता, तिथून इंग्रजीत 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' निघायचं. साने गुरुजी अमळनेरात आले ते तत्त्वज्ञान शिकायला, मग तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रं जपायला तिथं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांचं मला विशेष वाटतं, कारण ते डेटा डाउनलोड करत नव्हते. लोकांच्या माळ्यावरून, वाळवी लागलेल्या पेट्यांतून आणत होते.

तर ही यादी: शेंगदाणा, बाजरी, जिवाणू, रंग, वेदान्त, मोडीचे कागद. आणि मी मित्राला लिहिलं होतं, "काही नाही."

हे ऐकून कोणी म्हणेल, ही आता जाहिरातच करायला लागली. तसं नाही. आपल्याकडे कचराही खूप निघतो, माझा पेपर त्यातलाच. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला गुण मोजायला लागले, पेपर किती, कॉन्फरन्स किती, आणि देशभर पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. पुढे यूजीसीला चांगल्या जर्नलांची यादीच काढावी लागली. त्या मोजदादीत आमचा चार दिवसांत छापलेला पेपर आणि कोणाच्या तरी दहा पावसाळ्यांचं काम, दोन्हीची नोंद 'एक' अशीच होते. उलट वाणाचा तर पेपरही कोणी वाचत नाही. तो पेरला जातो. दुकानदार म्हणतो, 'हे घ्या, चांगलं आहे', एवढंच. जळगावच्या केंद्रात वर्षानुवर्षं चिखलात उभं राहून टिपणं घेणाऱ्या मजुरांची आणि सहायकांची नावं तर कुठेच नसतात.

असो. मामांकडे येते.

बाग उपटल्यावर मी मामांना पैसे द्यायचा प्रयत्न केला. मामा चिडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले. म्हणाले, "पैसे नको. ते नीट कर." मी म्हटलं, "मामा, मी ते फोनमधून काढून टाकते." तर म्हणाले, "काढून कशाला टाकते? नीट कर म्हटलं ना."

मग गेली दोन वर्षं सुट्टीत गेले की हेच चालू आहे. फोटो आम्ही बागेतच काढतो. सकाळी, दुपारी, ढगाळ असताना, पावसाचं पाणी पानावर असताना, मामांच्या स्वस्त फोननं, कारण शेतकऱ्याकडे तोच असणार. प्रत्येक फोटोबरोबर लागवडीची तारीख, बागेतली जागा, शेजारचं पीक. मग ते शास्त्रज्ञ रविवारी बसून बघतात आणि नाव देतात. पहिल्या खेपेला मी ४०० फोटो नेले. त्यातले निम्म्याहून जास्त त्यांनी बाजूला ठेवले. "फोटोवरून सांगता येणार नाही." आधी मला वाईट वाटलं, मग मी त्या फोटोंचाच चौथा खोका केला. आता ॲपची अचूकता ७० च्या घरात आहे, कधी त्याच्याही खाली, आणि पुष्कळदा ते म्हणतं, "कळत नाही, पान घेऊन जाणकाराला दाखवा." परवा डेमो दाखवला तर मामा हसले. "हे तर मला पण येतं."

अजून कोणाला ते दिलेलं नाही. या मृगबागेचा हंगाम पूर्ण जाऊ दे, मग बघू.

तोपर्यंत एक मदत हवी आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, भडगाव, कुठलेही असाल आणि घरची केळी असेल, तर पानांचे फोटो काढून ठेवा. वरूनही आणि खालूनही. निरोगी पानांचेही काढा, ते कोणी काढत नाही. तारीख आणि शेजारचं पीक लिहून ठेवा. कुठे पाठवायचे ते पुढच्या भागात सांगते. आणि पट्टे दिसले तर फोटो काढत बसू नका, आधी बांधावरच्या आजोबांना हाक मारा.

चला, भेटू.